उभ्या कीर्तनाची काठी

या, असे जवळ सरका. सतरंजी इथपर्यंत घातली आहे ती बसण्यासाठीच, आणि मागे भिंतीला टेकून बसणाऱ्यांना गोष्ट नेहमी अर्धी ऐकू जाते. चपलांची काळजी नको, इथे कुणी नेत नाही. आज एका काठीची गोष्ट आहे. काठी साधी, पण तिच्यासाठी लाकूड शोधता शोधता काशीमीऱ्यापासून खाडीपर्यंत पायपीट झाली, आणि मधल्या मध्ये एका मुलाचं लग्न त्याला न विचारता ठरलं. सगळं क्रमाने येईल. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

मीरा रोडला पूनम सागरच्या एका गल्लीत विठोबाचं छोटं देऊळ होतं. पत्र्याचा मंडप, खाली फरशी, वर दोन पंखे. पंखे तसे होते, पण त्या वर्षी संध्याकाळची वीज हमखास जायची, म्हणून ते शोभेलाच धरायचे. दर एकादशीला तिथे हरिश्चंद्रबुवांचं कीर्तन असे. बुवा पोस्टातून निवृत्त झालेले, भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायचे, आणि एकादशीला रिक्षाने यायचे. डाव्या हाताने आख्यानातली माणसं उभी करायची, उजव्या हातात चिपळ्या. वीज गेली तरी त्यांचा आवाज जात नसे.

गेला तो गुडघा. डॉक्टरांनी सांगितलं, काठी घ्या नाहीतर बसून सांगा. बुवांनी औषधाच्या दुकानातून काठी घेतली. चकचकीत, भोकांची, उंची कमीजास्त करता येणारी. पहिल्याच कीर्तनात मारुतीराया समुद्रावरून झेप घेण्याच्या बेतात होते. बुवांनी ऐन रंगात सगळा भार काठीवर टाकला, आतली कळ सुटली आणि बुवा एक भोक खाली आले. मारुतीराया व्यवस्थित लंकेला पोचले, पण श्रोत्यांचं लक्ष काठीवरच राहिलं.

कीर्तन संपल्यावर देवळाच्या मंडळींनी खुर्चीचा विषय काढला. बुवांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला.

"उभं राहून ते कीर्तन, बसून ते प्रवचन," ते म्हणाले. "तो समोर कमरेवर हात ठेवून केव्हाचा उभा आहे. त्याच्यापुढे मी खुर्ची टाकून बसू? रामनवमीपर्यंत बघतो. नाही जमलं तर चिपळ्या त्याच्या पायाशी ठेवतो आणि श्रोत्यांत बसतो."

रामनवमीची अडचण सगळ्यांना कळण्यासारखी होती. दुपारी बाराला जन्म होतो तेव्हा अख्खा मंडप उठून उभा राहतो. श्रोते उभे आणि बुवा बसलेले, हे कुणाच्याच डोळ्यांपुढे येईना. मंडपात कुणी बोलेना. अशा वेळी जो बोलतो तो अडकतो. दत्ताराम बोलले.

"बुवा, काठी माझ्यावर सोडा."

हे दत्ताराम मूळचे रत्नागिरीकडचे. जन्म मुंबईत नोकरी करण्यात गेला, निवृत्तीनंतर मीरा रोडला चौथ्या मजल्यावर घर घेतलं. नोकरी छत्र्यांच्या कारखान्यात, काम मुठी घडवण्याचं. मूठ कशी असावी, हातात कशी बसावी, यावर ते तासभर बोलू शकत. मुठीच्या खाली जे काही असतं ते दुसऱ्या खात्याचं काम होतं, आणि त्या खात्यात ते कधी गेले नव्हते. पण हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं. पत्नी गिरिजाबाईंना मंडपातच आठवलं होतं, पण चारचौघांत त्या काही बोलल्या नाहीत. जिन्यात बोलल्या.

"मूठ करणार तुम्ही. खाली काय लावणार?"

"लाकूड," दत्ताराम म्हणाले.

लाकूड म्हटलं की काशीमीरा. हायवेच्या नाक्यावर गोदामं आहेत, ट्रक आहेत, लाकडाच्या पेट्यांचे डोंगर आहेत. दत्ताराम सकाळच्या बसने गेले आणि एका गोदामवाल्याला काठीपुरतं लाकूड मागितलं. त्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाला, "चाचा, ये सब पॅकिंग का माल है. इसपे फ्रिज टिकेगा, आदमी नहीं टिकेगा." तरी दत्तारामांनी सागाच्या फळीची एक पट्टी मिळवली, घरी आणून गोल केली, पॉलिश केली. दिसायला देखणी झाली. मग त्यांनी ती जमिनीला टेकवून अंगाचा भार दिला. तिने फार आवाज केला नाही. सुपारी फोडावी तसं एक 'कट' झालं आणि तिचे दोन तुकडे झाले. फळीतून कापलेल्या लाकडाच्या रेषा तिरक्या गेलेल्या असतात, तिथूनच ती मोडते, हे त्यांना त्या तुकड्यांनी शिकवलं. काठीला सरळ वाढलेलं, अखंड लाकूड हवं.

मग सरळ फांद्या शोधणं आलं. रस्त्याकडेला पालिकेने छाटलेल्या गुलमोहराच्या फांद्या पडल्या होत्या. त्या नखाने सोलता आल्या, म्हणून तिथेच सोडल्या. सोसायटीच्या आवारातला अशोक सरळ होता, पण वॉचमन हातातली काठी घेऊन त्यांच्या मागे मागे चालू लागला. दत्तारामांनी त्याच्या काठीकडे आशेने पाहिलं. ती बांबूची होती, तळाला चिरलेली.

शेवटी ते खाडीकडच्या जुन्या गावात गेले. तिथे बबन नावाचे एक म्हातारे शेतकरी होते, त्यांच्या वाडीत पेरूची झाडं होती. पेरूचं लाकूड चिवट, हे दत्तारामांना लहानपणच्या विटीदांडूपासून ठाऊक. बबनने फांदी आनंदाने तोडून दिली, पण देताना सांगितलं, "वली हाय. सावलीत वरीसभर ठेवाया लागल. मंग काठी व्हईल."

"रामनवमीला हवी आहे," दत्ताराम म्हणाले.

"कंच्या साली?" बबनने विचारलं.

दत्तारामांनी वर्षाचं काम लवकर उरकायचं ठरवलं. फ्रिजच्या मागे गरम हवा येते, तिथे फांदी उभी केली. गिरिजाबाईंनी फ्रिजला हात लावायचा तर आधी फांदीची परवानगी घ्यायची, असे दिवस आले. होळी झाली, पाडवा जवळ आला. एका सकाळी दत्तारामांनी फांदी बाहेर काढली तेव्हा ती दोन्हीकडून सुकली होती आणि वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे सुंदर वळली होती. जन्मभर त्यांनी वाफ देऊन, साच्यात दाबून जी वळणं आणली, त्यापेक्षा हे वळण सफाईदार होतं. अख्ख्या काठीची मूठ झाली होती.

"आता हिला खालून काय लावणार?" गिरिजाबाईंनी विचारलं. त्याच दिवशी निरोप आला होता की बुवांनी चिपळ्या धुऊनपुसून फडक्यात बांधून ठेवल्या आहेत. देवळाच्या मंडळींनी डेकोरेटरकडे खुर्ची सांगून ठेवली होती, मखमली पाठीची, लग्नात नवरदेवाला देतात तसली. खुर्ची नको म्हणायला हाताशी काठी नव्हती. शब्द दत्तारामांनी दिला होता. आता देऊळ जातायेता दिसलं की ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत. विठोबाला ते तिथूनही दिसत असणार, पण निदान नजरानजर होत नव्हती.

याच सुमारास पाणी कमी दाबाने येऊ लागलं, म्हणून दत्ताराम तळमजल्यावर व्हॉल्व्ह बघायला उतरले. तळमजल्यावर सरूबाई राहत. रायगडकडच्या, वय झालेलं, नवरा जाऊन फार वर्षं झालेली. मुलगा कारखान्यात पाळीला जाई, आणि दिवसभर दार उघडं टाकून त्या उंबऱ्याशी बसलेल्या असत. दाराच्या मागे, भिंतीला टेकून, त्यांचं मुसळ उभं होतं.

हे मुसळ बिल्डिंगमधल्या सगळ्यांना माहीत होतं. लग्नघरी हळद लागण्याआधी घाणा भरतात. उखळात हळकुंडं घालायची, मुसळाला आंब्याची पानं बांधायची, आणि सवाष्णींनी गाणी म्हणत कुटायचं. आता मिक्सरच्या जगात मुसळ कुणाकडे असणार? म्हणून पूनम सागरातल्या मराठी घरांत लग्न निघालं की पहिली हाक सरूबाईंच्या दारात पडे. मुसळ जाई, हळदीने पिवळं होऊन परत येई.

दत्तारामांनी ते शंभर वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी मात्र त्यांनी ते वरून खाली पाहिलं. खैराचं, अखंड, एका झाडाच्या एका सरळ बुंध्याचं. तांबूस काळं. किती पावसाळे घरात सुकलेलं. तळाला लोखंडी कडं. त्याच्या आत एक काठी उभी होती, फक्त तिच्या भोवतालचं जास्तीचं लाकूड काढायचं बाकी होतं.

"सरूबाई," ते म्हणाले, "मुसळ हवं होतं."

पुढचं वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं. पण मुसळ कशाला हवं, हे आजवर सरूबाईंनी कुणाला विचारलं नव्हतं. मुसळ एकाच कामाला लागतं. त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी समोरच्या दाराकडे हाक दिली, "हंसाबेन, जरा या. दत्ताभाऊंचं मुसळ हाय." हंसाबेन करंडा घेऊन आल्या. मुसळाला हळदकुंकू हंसाबेनच लावत, ती रीत ठरून गेली होती. सरूबाई स्वतः कुंकवाला हात लावत नसत. त्या बाजूला उभ्या राहून नीट लागलं का तेवढं बघत.

"बहु सारुं थयुं, दत्तारामभाई," हंसाबेन म्हणाल्या. "स्वप्नील बहोत अच्छा लडका आहे."

स्वप्नील म्हणजे दत्तारामांचा मुलगा. अंधेरीला नोकरीला, लग्नाचा विषय निघाला की मोबाईल घेऊन गॅलरीत जाणारा. त्याचा इथे काय संबंध, हे दत्तारामांना पहिल्या मजल्यावर उमगलं. पण तोपर्यंत हातात कुंकू लावलेलं मुसळ होतं आणि जिन्यात माणसं होती. मुसळ पिशवीत मावत नाही. दुसऱ्या मजल्यावर एकांनी तारीख विचारली. तिसऱ्यावर मुलगी कुठली ते विचारलं. चौथ्यावर ते पोचले तेव्हा हंसाबेनचे पेढे लिफ्टने त्यांच्या आधी पोचले होते, आणि दारात गिरिजाबाई उभ्या होत्या.

"अहो, मुलगी कोण आहे?" त्यांनी विचारलं. "मला आधी सांगितलं असतं तर मीही आनंद केला असता."

संध्याकाळी स्वप्नीलचा ऑफिसातून फोन आला. "बाबा, माझं लग्न ठरलंय का? मला तिघांचे एसेमेस आलेत. कळवून ठेवा फक्त, सुट्टी टाकावी लागेल."

दत्तारामांनी दोन दिवस काहीच केलं नाही. मुसळ घरात आडवं ठेवलेलं, शेजारी करवत. ते करवत उचलायचे, कुंकवाकडे पाहायचे आणि परत ठेवायचे. गिरिजाबाईंनी मुसळावरून चारदा पाय उचलून टाकला आणि मग बोलल्या, "तिने लग्नासाठी दिलंय. तुम्ही काठीसाठी कापाल. देवाच्या कामाला आणलेलं लाकूड खोटं बोलून आणलं, असं बुवा उद्या कीर्तनात कुणाची तरी गोष्ट म्हणून सांगतील, आणि तुम्ही पुढे बसून मान हलवाल. खाली जा."

दत्ताराम मुसळ घेऊन खाली उतरले. सरूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. दत्ताराम समोरच्या पायरीवर बसले आणि एका दमात सगळं बोलून गेले. लग्न नाही. मुलगी नाही. बुवांचा गुडघा आहे, खुर्ची आहे, आणि पेरूची फांदी वाकली. मुसळ कापायचं मनात होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. परत आणलंय.

सरूबाईंनी निवडलेले तांदूळ एका बाजूला केले.

"बानं केलं हे," त्या म्हणाल्या. "रोह्याच्या वरच्या रानात खैराचं झाड होतं. माझा घाणा ह्यावरच भरला. मंग ह्यांचं असं झालं, आनि मी हिकडं आले मुसळ घेऊन. किती लग्नाला गेलं ते, मोजलं न्हाय मी. मुसळ जातं. मी न्हाय जात. खिडकीतनं गानी आयकू येतात, तेवढं पुरतं."

आपल्या घरून पुतणीचं लग्न झालं तेव्हा हेच मुसळ आलं होतं, हे दत्तारामांना आठवलं. सरूबाईंना बोलवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

"काठी झाली तर ती कीर्तनाला जाईल ना?" सरूबाईंनी विचारलं.

"दर एकादशीला."

"कीर्तनाला कुनी बोलवाया लागत न्हाय," सरूबाई म्हणाल्या. मग पुन्हा तांदळाकडे वळल्या. "काप. कडं तेवढं तळाला राहू दे. बानं बसवलंय."

पुढचे दिवस चौथ्या मजल्यावरून तासण्याचा आवाज येत राहिला. खैर लवकर ऐकत नाही. दत्तारामांच्या दोन पटाशा बोथट झाल्या, हाताला फोड आले, गॅलरीत तांबडा भुसा साचला. जरा वर, जिथे बायकांचे हात पडत, तिथे लाकूड घासून घासून आत गेलं होतं. तो खळगा दत्तारामांनी तासला नाही. मूठ त्याच्याच वर आणली, म्हणजे हात घसरला तर तिथे विसावेल. जन्मभराच्या मुठींत ही एक मूठ त्यांनी साधी केली. नक्षी नाही, वळण नाही. कडं लहान करून तळाला ठोकून बसवलं. अधूनमधून कुणी दार वाजवून लग्नाची तारीख विचारून जाई. गिरिजाबाई सांगत, "आधी काठी होऊ द्या." विचारणाऱ्याला वाटे, यांच्याकडची काही रीत असेल.

रामनवमीच्या सकाळी मंडपात मखमली खुर्ची येऊन बसली होती. पैसे दिलेले असल्यामुळे तिला परत पाठवणं कुणाला जमेना. बुवा रिक्षातून उतरले. दत्तारामांनी काठी पुढे केली. बुवांनी मूठ धरली, भार टाकला, थोडा वेळ तसेच उभे राहिले. कुणीच खाली आलं नाही. बुवांनी काठी उलटी करून कडं पाहिलं, खळगा पाहिला आणि विचारलं, "हे आधी काय होतं?"

दत्तारामांनी सांगितलं. या खेपेला सगळं सांगितलं.

काठी देवाच्या पायांशी ठेवली. पूजेच्या तबकात काळा बुक्का होता. बुवा मंडपाकडे वळून म्हणाले, "जिचं लाकूड आहे तिने लावावा."

सरूबाई स्त्रियांच्या बाजूला, खांबापाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, आणि सवयीने मान वळवून हंसाबेनना शोधू लागल्या. हंसाबेनही उठायला लागल्या.

"सरूबाई, बुक्का आहे हा, कुंकू नव्हे," बुवा म्हणाले. "याला दुसऱ्याचा हात लागत नाही."

सरूबाई पुढे आल्या. तबकापाशी थोड्या थांबल्या. मग त्यांनी अंगठ्याने बुक्का घेतला आणि काठीला, जिथे खळगा होता तिथे, लावला. पुष्कळ लावला, उरलेला पदराला पुसला. मग खांबापाशी न जाता तिथेच पुढे बसल्या. मागच्या बायका जरा सरकल्या, इतकंच.

कीर्तन उभं राहिलं. डाव्या हातात काठी, उजव्या हातात चिपळ्या. पायाखाली फरशी होती आणि काठीच्या तळाला लोखंड, त्यामुळे बुवांनी पाऊल टाकलं की 'ठक' असा आवाज होई. पहिल्यांदा तो चुकून झाला. दुसऱ्यांदा तो बरोबर समेवर पडला. तिसऱ्यांदा तबलजी पंढरीनाथ यांनी तोंड वाकडं केलं, कारण सम दाखवण्याचं काम आजवर त्यांच्याकडे होतं. जन्माच्या वेळी सगळा मंडप उठला. बुवा आधीपासूनच उभे होते. मखमली खुर्चीवर शेवटी बाळाचा पाळणा ठेवला, त्यामुळे तिचेही पैसे फुकट गेले नाहीत.

आता एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण वैशाखात बिल्डिंगमधल्या मिनलचं लग्न निघालं, आणि तिची आई सरूबाईंच्या दारात मुसळाला आली. सरूबाईंनी सांगितलं, मुसळ कीर्तनाला लागलंय, बुवांना विचारा. आई इंद्रलोकला गेली. बुवांनी ऐकून घेतलं. म्हणाले, काठी घेऊन जा, हळकुंडं तीही कुटेल. पण ती आता एकटी कुठे जात नाही. मी तिच्याबरोबर असतो, किंवा सरूबाई असतात. आणि हळद लागताना मी येणं काही बरं दिसणार नाही.

मिनलची आई परत आली, आणि सरूबाईंना बोलावणं केलं. नारळ देऊन, रीतसर.

घाण्याच्या दिवशी सरूबाई काठी घेऊन आल्या. काठी हलकी, म्हणून हळद कुटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. गाणी कमी पडली. तेव्हा कोपऱ्यातून सरूबाईंनी एक जुनं गाणं काढलं, रोह्याकडचं. खिडकीशी बसून त्यांना सगळी पाठ होती. कुणी नको म्हटलं नाही. दत्ताराम बाहेर जिन्यात उभे होते, चौथ्या मजल्यावर जाता जाता थांबलेले. स्वप्नीलचं कुठवर आलं, असं त्यांना तिथेही एकाने विचारलंच.

बुवा पुढे पुष्कळ वर्षं उभे राहिले. सरूबाई त्याआधीच गेल्या. काठी अजून आहे. देवळात विठोबाच्या डाव्या हाताला ठेवलेली असते, लग्नसराईत पिवळी होते, एकादशीला काळी.

तर मंडळी, एवढं करा. कधी त्या बाजूला गेलात आणि फरशीवर तो 'ठक' कानावर आला, तर हात जोडाल तेव्हा मनात एक नाव घ्या. दत्तारामांचं घेतलंत तर ते संकोचतील. सरूबाईंचं घ्या. त्यांना बोलावणं फार उशिरा गेलं, आपण निदान आठवण वेळेवर ठेवू.